दातांच्या अंदाजपत्रकावर सही करण्याआधी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात मानपाड्याला राहते. बांधकाम खात्याच्या लेखा शाखेत २९ वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. शाळेच्या खोल्या, मोऱ्या, गावरस्ते यांची अंदाजपत्रकं बाबनिहाय तपासायची, मोजमापाशी ताळा घालायचा आणि मग फाइल वर पाठवायची, हे माझं रोजचं काम होतं. या पत्रात ज्या अंदाजपत्रकाबद्दल लिहिते आहे ते मात्र माझ्या यजमानांच्या दातांचं आहे. रक्कम होती ४,६१,५०० रुपये.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत दंततपासणी शिबिर झालं. यजमानांचं वय ६६. मधुमेह १४ वर्षांचा, शिबिराच्या दीड वर्ष आधी हृदयात स्टेंट बसवलेला, रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू. वरची उजवीकडची शेवटची दाढ हलते, दाढांत अन्न अडकतं आणि गार पाणी लागलं की डावीकडे खाली कळ जाते, एवढीच त्यांची तक्रार होती. ज्वारीची भाकरी म्हणजे यांचा जीव की प्राण, पण गेले काही महिने ते ती आमटीत कुस्करूनच खात होते. शिबिरात टॉर्च मारून दोन मिनिटं बघितलं आणि "काका, काम बरंच आहे, क्लिनिकला या," असं सांगितलं.

मंगळवारी आम्ही गेलो. आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, ज्याला ओपीजी म्हणतात. त्याचे ६०० रुपये. मग डॉक्टरांनी पाच-सात मिनिटं तोंड तपासलं, छोट्या कॅमेऱ्याने फोटो घेतले आणि ते दुसऱ्या पेशंटकडे गेले. पुढचं सगळं एका मुलीने समजावलं. ती डॉक्टर नव्हती, तिच्या कोटावर 'ट्रीटमेंट काउन्सेलर' असं लिहिलेलं होतं. बोलायला गोड होती. पडद्यावर यांच्या दाताचा एवढा मोठा फोटो, त्यावरची काळी रेघ, आणि "आत्ता केलं नाही तर सगळे दात जातील" हे वाक्य. आज ठरवलं तर १५ टक्के सूट. सूट धरून ३,९२,२७५ रुपये, १८ हप्ते केले तर महिन्याला २१,७९३. माझं पेन्शन ३४ हजार आहे. आरोग्य विमा आहे, पण बहुतेक पॉलिसींप्रमाणे आमच्यातही अपघात सोडला तर दातांचा खर्च बसत नाही. म्हणजे सगळं पदरचंच.

संमतीपत्र चार पानांचं, इंग्रजीत. हे खुर्चीवर रुमालाने तोंड पुसत बसले होते. म्हणाले, "भर गं, एकदाची कटकट जाऊ दे." मी २५ हजार अॅडव्हान्स भरला. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती मला बघवत नव्हती.

रात्री हे झोपल्यावर मी तो कागद घेऊन बसले. सवयीने शेजारी कोरा कागद घेतला आणि एकेक बाब उतरवायला लागले. रूट कॅनॉल, म्हणजे दातातली नस काढून पोकळी भरणं, ९, प्रत्येकी ७,५००. झिर्कोनियाच्या कॅप १४, प्रत्येकी १४ हजार. दात काढणे ४, प्रत्येकी १,५००. इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचा कृत्रिम दात, ४, प्रत्येकी ४० हजार. हिरड्यांवर लेझरचे उपचार, तोंडाचे चार भाग, भागाला ८ हजार. बेरीज बरोबर होती. पण प्रत्येक बाबीपुढे दोन आकडी नंबर होते, १६, २६, ३५, असे, आणि ते मला कळत नव्हते. अमेरिकेतल्या मुलाला फोन लावला, त्याने शोधून सांगितलं. फार सोपं आहे, सगळ्यांना माहीत असावं म्हणून इथे देते. तोंडाचे चार भाग धरायचे: वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. उजवा-डावा पेशंटचा. हा पहिला आकडा. दुसरा आकडा म्हणजे समोरच्या मधल्या रेघेपासून मोजत गेलं की कितवा दात. अगदी पुढचा पटाशीचा दात १, अक्कलदाढ ८. म्हणजे ४६ ही खालची उजवीकडची सहावी, आपण जिला पहिली मोठी दाढ म्हणतो ती. त्याला 'सेहेचाळीस' असं वाचत नाहीत, 'चार-सहा' म्हणतात.

एवढं कळल्यावर मी दातांची आकृती काढून त्यावर बाबी लिहिल्या. २६ नंबरच्या दातावर माझं पेन थांबलं. त्याच्या नावावर रूट कॅनॉल होतं. कॅप होती. काढण्याच्या यादीतही तो होता आणि काढून तिथे इम्प्लांटही होता. एकाच दातावर चार बाबी, ६३ हजार रुपये. जो दात काढायचा आहे त्याचं रूट कॅनॉल करून वर कॅप कशासाठी बसवायची?

चूक टायपिंगची असेल, मी मान्य करते. पण चार लाखांच्या कागदावर ती कोणाच्याच नजरेला पडली नाही, कारण तो कागद कोणी वाचावा अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. आमच्या शाखेत असं अंदाजपत्रक आलं असतं तर मी रक्कम बघायच्या आधी विचारलं असतं की याची एमबी कुठे आहे. एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका. कुठल्या खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली किती, कोणी मोजली, कधी मोजली. तिच्याशिवाय पाच हजारांचं बिलसुद्धा पुढे सरकत नाही. यांच्या तोंडातल्या कुठल्या दाताचं काय मोजलं आणि त्यावरून ही बाब का आली, असं एक अक्षर त्या कागदावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी क्लिनिकला ओपीजी मागायला गेले. "ते आमच्या सिस्टीममध्ये असतं, बाहेर देत नाही," असं काउंटरवर सांगितलं. मी तिथेच एका कागदावर अर्ज लिहिला, पैसे भरल्याची पावती जोडली आणि पोच मागितली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली आहे. तिच्यात १७ हक्क आहेत. आपल्या तपासण्यांचे रिपोर्ट आणि नोंदी मिळणं हा त्यातला एक, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हाही त्यातलाच एक. मी आवाज न चढवता हे सांगितलं. संध्याकाळी ओपीजी मेलवर आला. अॅडव्हान्सपैकी १९ हजार परत मिळायला पाच आठवडे लागले, उरलेले 'तपासणी शुल्क' म्हणून कापले. ते गेले ते गेले.

दुसरं मत घ्यायचं कोणाकडे, हा पुढचा प्रश्न. पलीकडच्या चौकातल्या दुसऱ्या क्लिनिकमध्ये गेले असते तर आणखी एक कोटेशन आलं असतं. मला असा माणूस हवा होता ज्याला आमचं काम मिळालं किंवा न मिळालं तरी फरक पडत नाही. नवी मुंबईत या बाबतीत आपण नशीबवान आहोत. नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे, सगळीकडे दंत महाविद्यालयं आहेत. मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर. यांच्यासाठी जिने कमी असलेला प्रवास बघून आम्ही नवी मुंबई निवडली. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी पकडली, ऐरोली, रबाळे, घणसोली करत जुईनगरनंतर उतरलो. साडेनऊला केसपेपर काढला.

वेळ लागतो, हे आधीच सांगते. बाकावर दीड तास बसलो. आधी निदानाच्या विभागात, मग हिरड्यांच्या विभागात, मग रूट कॅनॉलच्या. शिकणारी मुलं तपासतात आणि प्रत्येक टप्प्यावर त्यांचे सर किंवा मॅडम येऊन पुन्हा तपासतात. एकूण आमच्या पाच फेऱ्या झाल्या. ज्यांना रजा मिळत नाही त्यांना हे जमणार नाही, मला ठाऊक आहे.

पण त्या हिरड्यांच्या विभागात मी जे पाहिलं त्यासाठी हे पत्र लिहिते आहे. एक मुलगी यांच्या तोंडात खुणा असलेली बारीक सळई घालत होती. दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत ती सळई किती आत जाते ते बघायचं. ती आकडे म्हणत होती, "तीन, दोन, तीन, पाच, चार, सहा," आणि शेजारचा मुलगा तक्त्यावर लिहीत होता. एका दाताभोवती सहा ठिकाणी मोजणी, बाहेरून तीन, आतून तीन. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्याच्या वर गेलं की हिरडी दाताला सोडायला लागली असं समजायचं. त्यानंतर प्रत्येक दात दोन दांड्यांमध्ये धरून हलवून पाहिला आणि किती हलतो त्याची एक, दोन, तीन अशी प्रत लिहिली. बत्तीस मिनिटं लागली, मी घड्याळ बघितलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ही एमबी होती. कोणीतरी माझ्या माणसाचं तोंड बसून मोजत होतं.

रूट कॅनॉलच्या विभागात कापसाच्या बोळ्यावर गार स्प्रे मारून तो एकेका दाताला लावला. कळ आली की हात वर करा, गेली की खाली. चांगल्या दाताला गार लागतं आणि बोळा काढला की थांबतं. यांच्या ३६ नंबरला बोळा काढल्यावरही कितीतरी वेळ कळ राहिली, म्हणजे आतली नस सुजून परत न येण्याच्या वाटेला लागलेली. १६ नंबरला काहीच लागलं नाही, म्हणजे नस मेलेली. मग त्या दोन दातांचे वेगळे छोटे एक्स-रे काढले. मॅडमनी सांगितलं की ओपीजीत सगळा जबडा एकदम दिसतो, तो हवाच, पण एका दातातली कीड कुठवर गेली आहे ते ठरवायला हा छोटा एक्स-रे लागतो. आमच्या चार लाखांच्या यादीमागे एकच ओपीजी होता.

मी पहिल्या क्लिनिकचा कागद काढायला लागले तर मॅडम म्हणाल्या, "तो आत्ता पिशवीतच राहू द्या. आमचं लिहून झालं की बघू." दुसऱ्याने पहिल्याचा आकडा आधी पाहिला की त्याचं मत त्या आकड्याभोवती फिरायला लागतं, हे मी कार्यालयात टेंडरच्या वेळी पाहिलेलं आहे. त्यामुळे त्यांचं म्हणणं मला लगेच पटलं.

त्यांनी लिहिलं ते असं. नऊपैकी दोनच दातांना रूट कॅनॉल, १६ आणि ३६, आणि या दोन्ही दाढा असल्यामुळे त्यावर कॅप. १४, १५, २४, २५, ३५, ४५ या सहा दातांच्या मुळाशी खाचा पडल्या आहेत, त्याचं कारण यांचं चाळीस वर्षांचं आडवं रगडून ब्रश करणं. तिथे साधं फिलिंग भरायचं आणि मऊ ब्रश वापरायचा. २६ नंबर जिवंत आहे, फक्त त्याच्या आतल्या बाजूची फट सहा मिलिमीटर आहे, खोल सफाई करायची. फोटोतल्या काही काळ्या रेघा म्हणजे जुन्या पानसुपारीचे डाग. १७ आणि ४७ पूर्ण हलताहेत, ते काढावे लागतील. ४६ बहुधा काढावा लागेल. आणि या सगळ्याच्या आधी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) बघायची. ती आली ८.९.

साखरेचं त्या चकचकीत खुर्चीवर कोणी नावसुद्धा काढलं नव्हतं. साखर वाढलेली असली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांत जुनाट सूज असली की साखर आटोक्यात येत नाही. हे दोन्ही बाजूंनी चालतं. अशा तोंडात घाईने इम्प्लांट बसवला तर हाडाने तो नीट धरण्याची शक्यता कमी होते. आणि त्याहून मला ज्या गोष्टीने झोप लागली नाही ती वेगळीच. पहिल्या क्लिनिकच्या कागदावर तळाशी हाताने लिहिलं होतं: 'रक्त पातळ करण्याची गोळी ४ दिवस बंद.' यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना कोणी विचारलं नव्हतं. महाविद्यालयातल्या सरांनी त्यांच्या नावाने चिठ्ठी दिली. हृदयाच्या डॉक्टरांनी वाचून सांगितलं की गोळी एक दिवसही बंद करायची नाही, स्टेंट बंद पडू शकतो, दात एका वेळी एकच काढा आणि टाके घाला. तसंच केलं. थोडा वेळ जास्त कापूस दाबून धरावा लागला, इतकंच. ज्यांच्या घरी स्टेंटचा पेशंट आहे त्यांनी एवढी एक गोष्ट तरी लक्षात ठेवावी. तसंच हाडं ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्याची गोळी किंवा सहामाही इंजेक्शन घेणाऱ्या बायका आपल्याकडे पुष्कळ आहेत. दात काढायच्या आधी ते डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण त्या औषधांवर असताना क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. कोणी विचारलं नाही तरी आपण सांगावं.

आता ४६ नंबरबद्दल. महाविद्यालयात म्हणाले की फट सात मिलिमीटर आहे, दोन मुळांच्या मधलं हाड झिजलं आहे, काढलेला बरा. रूट कॅनॉल आम्ही फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून नौपाड्यात, ठाण्यातल्याच एका दंतवैद्याकडे केलं, तिथल्या डॉक्टरांच्या ओळखीने हिरड्यांच्या तज्ज्ञ बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, साखर खाली आणलीत आणि घासणं सुधारलंत तर मी अजून सहा महिने वाट बघेन. दोघांकडेही तोच एक्स-रे, तेच आकडे. दोघांनीही आपलं कारण सांगितलं, आणि दोघांनाही खात्री नव्हती हे त्यांनी कबूल केलं. मला तिथे फार बरं वाटलं. प्रामाणिक डॉक्टरांमध्येसुद्धा एका दाताबद्दल मतभेद होऊ शकतो. कधी हात घालायचा आणि कधी थांबायचं याची रेघ प्रत्येकाची थोडी वेगळी असते. म्हणून दुसरं मत म्हणजे स्वस्त मत, असं कोणी समजू नये. माझ्या कळव्याच्या नणंदेला पहिल्या डॉक्टरांनी १,२०० रुपयांचं फिलिंग सांगितलं होतं. दुसऱ्यांनी छोटा एक्स-रे काढून कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली दाखवली. खर्च ११ हजारांवर गेला आणि तो योग्य होता. तिने ते मान्य केलं, कारण तिला चित्र दाखवून समजावलं होतं.

आणि थांबायचं कुठे नाही तेही लिहिते, नाहीतर माझ्या पत्राने कोणाचं नुकसान व्हायचं. आमच्या विंगमधल्या एका ताईंची दाढ दुखत होती. "बघू, दुसरीकडे विचारते," म्हणत त्यांनी तीन आठवडे दुखण्याच्या गोळ्यांवर काढले. एका पहाटे गाल आणि जबड्याखाली सूज, ताप, तोंड दोन बोटंसुद्धा उघडेना, थुंकी गिळता येईना. रुग्णालयात दाखल करून भूल देऊन पू काढावा लागला. चेहऱ्यावर सूज, ताप, गिळायला किंवा श्वासाला त्रास, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी जायचं, आणि श्वासाला त्रास असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात. पोराचा पक्का दात मार लागून मुळासकट पडला तर तो दुधात ठेवून तासाच्या आत दंतवैद्याकडे न्यायचा. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही तर तो दाखवायलाच हवा, त्यात तंबाखू खाणारा माणूस असेल तर आणखीच. दुसऱ्या मताला वेळ आहे तो हळूहळू झिजलेल्या तोंडाच्या मोठ्या कामांना: रांगेने कॅप, पूल (ब्रिज), इम्प्लांट, सगळे दात काढून नवे बसवणं. ही कामं वर्षानुवर्षांच्या झिजेची असतात. त्यांना पंधरा दिवसांनी बहुधा काही होत नाही. आजच्या आज सही केली तरच सूट, असं सांगितलं जातं तेव्हा ती घाई दाताची नसते.

कॅपबद्दल एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती. कॅप बसवायची तर दात चारी बाजूंनी आणि वरून घासून लहान करावा लागतो. दाताचं वरचं कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते शरीरातला सगळ्यात टणक भाग आहे, पण त्यात जिवंत पेशी नसतात. घासलं की ते पुन्हा येत नाही. यांच्या त्या यादीत १३, २३, ३४, ३७ आणि ४४ अशा पाच दातांवर रूट कॅनॉल नसताना कॅप होत्या. महाविद्यालयातल्या मोजणीत हे पाचही दात निरोगी निघाले. त्या मंगळवारीच काम सुरू झालं असतं तर पाच चांगले दात घासले गेले असते, आणि मग जगातल्या कुठल्याही दुसऱ्या मताचा काही उपयोग नव्हता. पैशांचं दुःख मी पचवलं असतं. या पाच दातांचा विचार आला की आजही मला अस्वस्थ व्हायला होतं.

खर्चाचं विचारतील म्हणून सांगते. नौपाड्यात दोन रूट कॅनॉल ११ हजार, दोन कॅप १४ हजार. महाविद्यालयात सफाई, खोल सफाई, सहा फिलिंग, दोन दात काढणं, एक्स-रे धरून ६,२००. एकूण ३१,२००. १७ आणि ४७ च्या जागा रिकाम्या आहेत. त्या अगदी मागच्या असल्याने तिथे काही बसवायचं की नाही ते नंतर बघू, असं ठरलं आहे. पुढे कदाचित एखादा इम्प्लांट लागेलही, आणि तेव्हा मी तो आनंदाने करून घेईन. इम्प्लांट वाईट नाही, कॅपही वाईट नाही.

दंतवैद्यांवर माझा राग नाही. पाच वर्षं बीडीएस, पुढे तीन वर्षं एमडीएस करून, कर्ज काढून, ठाण्यासारख्या ठिकाणी जागेचं भाडं भरून ही मुलं बसतात. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. दोन-चार दातांपेक्षा मोठं काम सांगताना कागदावर दाताच्या नंबरापुढे एक ओळ कारणाची लिहा. 'गार लागल्यावर कळ टिकते', 'फट सात', 'पूर्ण हलतो', एवढं पुरे. नाही केलं तर काय होईल आणि याहून कमी काम करून चालेल का, हे तोंडी तरी सांगा. एक्स-रे मागायच्या आधी द्या. संमतीपत्र मराठीत ठेवा, मी ते इंग्रजी वाचू शकले, यांना वाचता आलं नव्हतं आणि सही यांची होती. आणि पैशांचं बोलणं दुसरं कोणी करो, दाताचं बोलणं तुम्ही स्वतः करा. पेशंट "दुसरीकडे विचारून येतो" म्हणाला तर चेहरा पाडू नका. नौपाड्याच्या डॉक्टरांनी मला स्वतःहून सांगितलं, "जरूर विचारा, आणि ते वेगळं काही म्हणाले तर मला येऊन सांगा." आज आमच्या विंगमधली चार घरं त्यांच्याकडे जातात.

सोसायट्यांनाही सांगायचं आहे. मी आमच्या कमिटीवर आहे. मार्चच्या बैठकीत आम्ही ठरवलं की मोफत शिबिरासाठी हॉल द्यायचा तर तपासलेल्या प्रत्येकाला काय आढळलं ते लेखी मिळालं पाहिजे, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक त्यावर हवा, आणि हॉलमध्ये पैसे किंवा फोन नंबर गोळा करायचे नाहीत. दोन शिबिरवाल्यांनी नकार दिला. तिसऱ्यांनी अटी मान्य केल्या आणि ते शिबिर फार छान झालं.

आपल्या दैनिकात आरोग्याची पुरवणी असते. तिच्यात दातांच्या नंबरांची ती साधी आकृती एकदा मोठी करून छापाल का? लोक कापून कपाटाच्या दाराला लावतील. मी ती आमच्या दोन्ही विंगच्या फलकावर हाताने काढून लावली आहे, पण माझी चित्रकला बेताची आहे.

यांची साखर आता ७.६ आहे. आठ आठवड्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा २६ च्या आतली फट सहावरून चारवर आली होती. ४६ नंबर अजून तोंडात आहे, त्याची पुढची मोजणी येत्या महिन्यात आहे. कालच्या रविवारी यांनी भाकरी डाव्या बाजूने, न कुस्करता खाल्ली.

आपली नम्र,
एक वाचक
मानपाडा, ठाणे (पश्चिम)